बाजाराच्या दिवसांची हजेरी

"सर, मला उलटं बोलता न्हाई यायचं," तातेराव म्हणाले. "आपलं कसं, जमा तेवढा खर्चा. प्राध्यापक साहेब जे बोलणार तेच माझ्या बी मनात हाय. मंग विरोधात काय बोलू?"

"मनात काहीही असू द्या हो. वादविवादात मनातलं कोण बोलतं?" मी जवळजवळ हात जोडले. "दहा मिनिटं उभं राहायचं, दोन मुद्दे सांगायचे, खाली बसायचं. वर नारळ मिळेल."

"नारळासाठी खोटं बोलू?"

ह्या माणसाशी बोलणं म्हणजे असंच होतं. मी कपाळ पुसलं. डिसेंबर महिना असूनही मला घाम फुटला होता, आणि तो फुटायला कारणही तसंच होतं. आमच्या भोकरदनच्या वाचनालयाचा मी चिटणीस. शाळेत इतिहास शिकवता शिकवता मला सार्वजनिक कामाची खाज होती, आणि त्या खाजेपायी चौऱ्याहत्तर साली मी हा वादविवाद ठरवला होता. विषय माझ्याच डोक्यातून निघालेला: 'केंद्र सरकारने उत्पन्नापेक्षा जास्त खर्च करू नये, असे बंधन राज्यघटनेतच घालावे.' महागाईनं लोक पिचले होते, रॉकेलच्या रांगेत डबे ठेवून माणसं घरी जाऊन जेवून येत होती, आणि सरकार तुटीवर तूट करतं, नाशिकला नोटा छापतं, म्हणून ही महागाई, असं जो तो म्हणत होता. विषय काढला तेव्हा माझं कौतुक झालं होतं. बाजूनं बोलायला औरंगाबादचे प्राध्यापक अण्णासाहेब वायाळ येऊन बसले होते. विरोधात बोलणारे वकील जालन्याच्या तीनच्या गाडीनं येणार होते. चार वाजून गेले तरी गाडीचा पत्ता नव्हता.

आणि मी गळ घालत होतो ती कुणाला, तर तातेराव हिवाळ्यांना. सबंध गावात ह्या कामाला इतका नालायक माणूस शोधून सापडला नसता.

तातेराव दुष्काळी कामांवर मस्टर कारकून होते. सकाळी कामावर जायचं, माणसांची हजेरी घ्यायची, आठवड्याला तिचा हिशेब करायचा आणि मजुरी वाटायची. तेरा वर्षं झाली, तरी अजून हंगामी. घरी कौसल्याबाई आणि दोन मुली. थोरलीचं लग्न त्यांनी विहारात, पगारात बसेल तेवढ्याच माणसांत केलं होतं. जातभाईंनी नावं ठेवली. ते म्हणाले, "बाबासाहेबांनी कर्ज काढून जेवणावळी घालायला सांगितल्या न्हाईत." वाचनालयाचे हिशेब ते फुकट तपासायचे. एकदा पस्तीस पैसे जुळेनात म्हणून त्यांनी मला तीन दिवस घरी येऊन छळलं होतं. चौथ्या दिवशी ते पैसे माझ्याच कोटाच्या खिशात निघाले, आणि मी ओशाळून गेलो. ओशाळलेला माणूस जरा चिडतोच, तसा मी त्यांच्यावर थोडा चिडूनच असायचो.

तर अशा माणसाची चौकशी चालू होती. तीही खोटी हजेरी लावल्याबद्दल.

दुष्काळाच्या साली खडकवाडीच्या पाझर तलावावर ते मस्टर लिहीत होते. काम संपल्यावर तपासणीला आलेल्या माणसानं कागद चाळले आणि एका जागी बोट ठेवलं. कामाला आठवड्याची सुट्टी बाजाराच्या दिवशी असते. सगळा मुलूख त्या दिवशी बाजाराला जातो. आणि ह्या मस्टरवर लागोपाठ नऊ बाजारांच्या दिवशी चारशे बारा माणसं कामावर हजर होती. एकही गैरहजर नाही. "बाजार सोडून चारशे माणसं माती खंदतात, असं जगात कुठं झालंय?" असं तो म्हणाला म्हणे, आणि त्याचं बरोबर होतं.

चौकशी ज्या साहेबांकडे होती ते भले गृहस्थ होते. त्यांना फाईल मिटवायची होती. मजुरांनी जबाब दिले की आम्ही बाजाराच्या दिवशीही काम केलं, की झालं. फाईल बंद झाली की तातेराव कायम होणार होते, आणि कायम झाले की म्हातारपणी पेन्शन. खडकवाडीच्या लोकांची शपथेवर सांगायची तयारी होती. त्यांच्या जबाबाचा मसुदा, आता सांगायला हरकत नाही, मीच लिहून दिला होता. मोठा झकास लिहिला होता. तारीख होती मंगळवारची, म्हणजे परवाची. तातेरावांनी काहीही करायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं.

आणि तेच साहेब आज आमचे अध्यक्ष होते. आमच्या गावात अध्यक्ष करायला माणसंच दोन, त्यातलं एक आजारी होतं. त्या गडबडीत माझ्या हे ध्यानातच आलं नाही की मी कुणाला कुणापुढं उभं करतोय.

शेवटी तातेराव नाहीच म्हणाले आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. मी प्राध्यापकांना आधी बोलायला उभं केलं. तेवढ्यात गाडी येईल अशी आशा होती.

प्राध्यापक वायाळ फार चांगलं बोलले. विनाकारण इंग्रजी फेकलं नाही की आवाज चढवला नाही. "आपल्या घरात बाई पगाराबाहेर जात नाही," ते म्हणाले. "जे घरातल्या बाईला कळतं ते दिल्लीला का कळू नये? सरकार जास्तीचा खर्च करतं तेव्हा तो पैसा आकाशातून पडत नाही. तो तुमच्या ज्वारीच्या भावातून, तेलाच्या भावातून वसूल होतो. श्रीमंताजवळ जमीन असते, सोनं असतं, त्याला भाववाढ लागत नाही. ती लागते मजुराला. म्हणून हे बंधन गरिबाच्या बाजूचं आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग त्यांनी एक वाक्य जास्त टाकलं. "दुष्काळाचंच उदाहरण घ्या. पुण्यकर्माच्या नावाखाली तिजोरी सैल सोडली आणि काय झालं? खोट्या हजऱ्या लागल्या. माणसं कागदावर, पैसा कारकुनांच्या घरात."

टाळ्या पुन्हा पडल्या. त्या विरायच्या आत मागून आवाज आला.

"सर, मी बोलतो."

तातेराव उभे होते. मी मानेनं, डोळ्यांनी, हातानं नाही नाही म्हणत होतो. लोक वळून बघत होते. ते बाकांच्या मधून सावकाश पुढं आले, पिशवी खुर्चीखाली ठेवली आणि टेबलाच्या कडेला धरून उभे राहिले.

"मी तातेराव सोनाजी हिवाळे, मस्टर कारकून," त्यांनी सुरुवात केली. मग टेबलाची कड तळहातानं दोनदा पुसली. पोरं खिदळली.

"प्राध्यापक साहेब बोलले ते बराबर हाय. माझ्या घरात बी तसंच चालतं. पगाराच्या वर मी कधी गेलो न्हाई. आज मी हात वर करायलाच आल्तो, त्यांच्या बाजूनं. पण ते म्हणले, खोट्या हजऱ्या. तर ती हजेरी मी लावली. खडकवाडीच्या तलावावर."

साहेबांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

"त्र्याहत्तरच्या मार्चात कामाची मंजूर रक्कम संपली," तातेराव सांगू लागले. "कोरं मस्टर मिळंना. वरून चिठ्ठी आली, नवी मंजुरी येईस्तोर काम बंद. सकाळी सात वाजता मी तेच सांगायला गेल्तो. चारशे बारा माणसं टिकाव, पाट्या घेऊन उभी. म्हणलं, काम बंद हाय, घरी जा. कुणी हाललं न्हाई. गोपिकाबाई म्हणून धनगराची बाई हाय तिथली. तिच्या समद्या मेंढ्या त्या साली गेल्त्या. ती मला म्हणली, 'बंद कसं हाय भाऊ? काम तर हे समोर पडलंय.' अन् खाली उतरून खंदायला लागली. तिच्या मागं म्हस्कू मुकादम उतरला, त्याच्या मागं समदे."

सभागृहात आता कुणी हसत नव्हतं.

"मस्टर न्हाई तर नावं कशावर लिहू? पिशवीत पोरीची शाळेची वही होती. तिच्यावर लिहिली. वाटलं, दोन दिवसांत मंजुरी येईल. नऊ दिवस लागले. अन् आली ती त्या तारखेपासून पुढं. मागचे नऊ दिवस सरकारच्या कागदावर नव्हतेच. लोक उपाशी पोटी नऊ दिवस खंदत होते, अन् कागद म्हणतो, कुणी आलंच न्हाई."

"मग त्या दिवसांची मजुरी दिलीत कुठून?" प्राध्यापकांनी मध्येच विचारलं. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"बाजाराच्या दिवसांतून, साहेब. पुढचे नऊ बाजार, सुट्टीच्या दिवशी बी हजेरी लावली. एका बाजाराला मागचा एक दिवस फेडला. शेवटाला माती मोजली, मजुरी मोजली, बराबर आली. रुपया इकडचा तिकडं न्हाई झाला."

प्राध्यापक उठून उभे राहिले. "तुमच्याबद्दल मी जे बोललो ते मागे घेतो. पण मुद्दा मागे घेत नाही. तुम्ही भले आहात म्हणून ठीक. उद्या प्रत्येक कारकून आणि प्रत्येक मंत्री म्हणेल की माझं काम समोर पडलंय. मग त्याला आवरणार कोण? आणि भाव वाढले की ते तुमच्या गोपिकाबाईलाच भरावे लागतात ना?"

"भरावे लागतात," तातेराव म्हणाले. "तिनं दोन रुपयाची ज्वारी तीन रुपयाला घेतली. तुमचं बिलकुल बराबर हाय. पण साहेब, तिला इचारलं असतं, तीन रुपयाची ज्वारी पाहिजे का दोन रुपयाची, जी इकत घ्यायला हातात कामच न्हाई? ती काय म्हणली असती?"

प्राध्यापक सावकाश खाली बसले.

"तुम्ही म्हणता तसा कायदा असता, तर दिल्लीच्या सरकारनं बी त्या दिवशी माझ्यासारखंच सांगितलं असतं, पैसा संपला, घरी जा. घरी काय होतं? म्हणून खर्चाला बंदी नको. पण झाकायला बंदी पाहिजे. जास्तीचा खर्चा करायची पाळी आली तर करावा, अन् उघड लिहावं. किती केला, कुणासाठी केला, कधी फेडणार. शाळेच्या भिंतीवर लिहावं, समद्यांना दिसंल असं. मी ते केलं न्हाई. मी खर्चा केला ती माझी चूक न्हाई. मी बाजाराखाली झाकला, ती चूक हाय. दीड वर्ष झालं, मला ते खाऊन राह्यलंय."

एवढं बोलून त्यांनी पिशवी उचलली आणि मागं जाऊन बसले. दहा मिनिटंही झाली नव्हती.

आमच्याकडे शेवटी श्रोत्यांचे हात मोजायची पद्धत होती. मी मोजले. प्राध्यापकांच्या बाजूनं एकसष्ट, विरोधात अडतीस. महागाई सगळ्यांच्याच घरात होती, लोकांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. प्राध्यापकांनी स्वतः मात्र हात वर केला नाही. नारळ घेताना ते तातेरावांना म्हणाले, "ती वही आहे का अजून?"

"हाय," तातेराव म्हणाले.

सभा मोडल्यावर साहेबांनी त्यांना पायऱ्यांपाशी गाठलं. मी बाजूलाच होतो. "हिवाळे," साहेब हळू आवाजात म्हणाले, "इथलं भाषण होतं. भाषणात माणूस काहीही बोलतो. मी ते ऐकलं नाही असं समजतो. परवा जबाब येतील, मी त्यांवर निर्णय देईन."

"साहेब," तातेराव तितक्याच हळू म्हणाले, "तुम्ही ऐकलंय."

साहेब वळले आणि जीपकडे गेले. मला त्या क्षणी तातेरावांचा भयंकर राग आला. घरी जाताना मी रस्ताभर त्यांना बोललो. बायकोचा विचार केलात का, धाकटीचं लग्न व्हायचंय, तेरा वर्षं काय गवत उपटलं का, तोंडाला येईल ते बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सर, तुम्ही जबाब लिहून दिला, माझ्यावरच्या मायेनं दिला," ते शेवटी म्हणाले. "पण चारशे माणसं माझ्यासाठी खोट्यावर अंगठा देणार. त्या लोकांपाशी दुसरं काय हाय? अंगठा खरा हाय, येवढंच."

मंगळवारी सकाळी कचेरीपुढं खडकवाडीची साठ-सत्तर माणसं येऊन बसली होती. त्यांचा त्या दिवसाचा रोज बुडाला होता. तातेराव त्यांच्यात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाजाराचं काही सांगू नका." लोक गोंधळले. गोपिकाबाई उठली. उन्हानं रापलेली, काटक बाई.

"त्यात खोटं काय हाय भाऊ?" ती म्हणाली. "आम्ही त्या साली बाजार केलाच न्हाई. बाजाराला जायला आमच्यापाशी होतं काय?"

"बाजार केला न्हाई, खरंय. पण त्या दिवशी काम बी केलं न्हाई. काम केलं ते मार्चातले नऊ दिवस. तेवढंच सांगा. कुणी किती पाट्या टाकल्या, कोण आजारी असून उतरलं, समदं खरं सांगा. ते नऊ दिवस अजून कुठंच लिहिलेले न्हाईत."

आणि तसंच झालं. दिवसभर एकेक जण आत जात होता, आणि आतला कारकून लिहीत होता. मला बाहेर खिडकीतून ऐकू येत होतं. म्हस्कूनं सांगितलं की चौथ्या दिवशी खडक लागला. एका बाईनं सांगितलं की सहाव्या दिवशी ती कामावरच चक्कर येऊन पडली, तरी दुपारनंतर पुन्हा उतरली. शेवटी तातेरावांनी ती शाळेची वही साहेबांपुढं ठेवली. नऊ पानं, दर पानावर नावं, अक्षर अगदी नेटकं. साहेबांनी ती पानापानानं वाचली. माझा झकास मसुदा माझ्या खिशातच राहिला. तो मी घरी येऊन चुलीत घातला. त्याची मला आजही लाज वाटते.

हुकूम फेब्रुवारीत आला. अफरातफर झालेली नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. शासकीय कागदावर जाणूनबुजून खोट्या नोंदी केल्या, हे स्वतः कर्मचाऱ्यानंच कबूल केलं, असंही लिहिलं होतं. सबब सेवा समाप्त. कौसल्याबाईंनी तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि म्हणाल्या, "चोर न्हाई म्हणले ना? मंग झालं." पण पदराआड त्या बराच वेळ रडत होत्या, आणि मी तिथून उठून आलो.

त्यानंतर तातेराव हळूहळू गावातून दिसेनासे झाले. वाचनालयाचे हिशेब तपासायला तेवढे वर्षाला यायचे, पूर्वीसारखेच छळायचे. बाकी ते रोजगार हमीच्या कामावर मजुरीला जातात, असं कानावर होतं. मी कधी विचारलं नाही. विचारायला मला तोंड नव्हतं.

अठ्ठ्याहत्तर साली, उन्हाळ्यात, मी जालन्याला निघालो होतो. वाटेत गाडीचं चाक बसलं, सगळे खाली उतरलो. रस्त्याच्या कडेला खडी फोडायचं काम चालू होतं, आणि त्या दिवशी तिथं मजुरीचं वाटप होतं. झाडाखाली टेबल, टेबलामागं एक नवा कारकून, पुढं बायाबापड्यांची लांब रांग. कारकून भरभर नाव वाचायचा, दिवस वाचायचा, रक्कम सांगायचा आणि शाईची गादी पुढं सरकवायचा.

पण अंगठा लगेच उमटत नव्हता. नाव वाचून झालं की प्रत्येक जण मान वळवून एकीकडे बघायचा. तिकडे खडीच्या ढिगाला टेकून तातेराव बसले होते. डोक्याला टॉवेल, केस पांढरे झालेले, हातोडी मांडीवर. ते कुणाशी बोलत नव्हते. डोळे मिटून ऐकत होते, आणि आकडा बरोबर असला की नुसती मान हलवत होते.

कारकून वैतागला. "अरे, पैसे मी देतोय का हे देतायत?"

टेबलापुढं एक म्हातारी उभी होती. तिचा अंगठा गादीच्या वर थांबला होता, आणि ढिगाकडून मान हललेली नव्हती. कारकुनानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा तिकडे, आणि मस्टर जवळ ओढून तिचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले.